मागच्या दाराने

बस चालवताना लोसा प्रवाशांना कानांनी मोजायची. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार मानल्याशिवाय कोणी खाली पाय ठेवत नाही, आणि तिच्या मार्गावरची, टाउहेरेच्या टेकडीवरची माणसं तर हाक मारून मानतात. आरशात न बघताही तिला कळायचं. घोगरा आवाज म्हणजे शाळेचा रखवालदार, घाईतला आवाज म्हणजे बेकरीतली बाई. आणि रुग्णालयाच्या थांब्यावर, सगळ्यांच्या शेवटी, सावकाश, हुहाना मावशी : "थँक्यू, पोरी. जपून जा." सकाळी सात चाळीसच्या फेरीला असे एकोणीस आभार व्हायचे. कधी वीस.

म्हणून विमलेशभाईने डेपोत तिच्यापुढे कागद सरकवला, तेव्हा तिला वाटलं तो दुसऱ्याच कुठल्या मार्गाचा असावा.

"सव्वीस नंबर," तो म्हणाला. "दर फेरीला सरासरी एक पूर्णांक चार प्रवासी."

"एक पूर्णांक चार?"

"एक अख्खा माणूस आणि दुसऱ्याचा पाय." विमलेशभाई मूळचा फिजीचा, डेपोत फेऱ्या वाटून द्यायचा. वाईट बातमी विनोदात गुंडाळून देण्याची त्याची सवय सगळ्यांना ठाऊक होती. "अगं, तू वर नेतेस तरी कोणाला? मेंढ्यांना?"

"भाई, माझी बस भरलेली असते."

"ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे. कचेरीत कार्डं मोजणाऱ्या मशीनचं ऐकतात."

मग त्याने हसणं थांबवून नीट सांगितलं. साथीच्या दोन वर्षांत सरकारने रिकाम्या बससुद्धा पोसल्या होत्या. रस्ते ओस असताना गाड्या धावत राहिल्या, कारण नर्स आणि सफाईवाले कामावर पोहोचायला हवे होते. तो आधार आता जूनमध्ये संपणार होता. ज्या मार्गांवर माणसं नाहीत, ते बंद. सोमवारपासून दोन आठवडे मोजणी. सरासरी दहाच्या खाली आली तर सव्वीस नंबर नकाशावरून जाणार.

"आणि रद्द झालेली फेरी?" लोसाने विचारलं.

"शून्य धरतात."

त्या दिवशी शेवटची फेरी संपवून ती बसमध्ये मागे जाऊन उभी राहिली. मागच्या दारापाशी तिकिटाचं कार्ड लावायच्या मशीनवर पावाची प्लॅस्टिकची पिशवी होती, आणि तिच्याभोवती पिवळ्या चिकटपट्टीचे चार वेढे. ते तिनेच घातले होते. पहिल्या टाळेबंदीत हुकूमच तसा होता. पुढचं दार बंद, ड्रायव्हरच्या मागे साखळी, सगळ्यांनी मागून चढायचं, मशीनला हात लावायचा नाही, कार्ड लावायचं नाही. काही आठवड्यांनी हुकूम मागे घेतला गेला. बाकीच्या मार्गांवर साखळ्या निघाल्या, माणसं पुन्हा पुढून चढू लागली. सव्वीसवर मात्र नाही.

ते हुहाना मावशीने ठरवलं होतं. भर बसमध्ये उभं राहून तिने सगळ्यांना सांगितलं होतं, "लोसाच्या घरी म्हातारे वडील आहेत. आणि ही पोर आजारी पडली तर वर कोण येणार आहे? आपण आपलं मागूनच चढायचं." टेकडीवर मावशीच्या शब्दापुढे कोणी जात नसे. तेव्हापासून माणसं मागून चढत, मागे बसत, आणि लोसासाठी झाडाची लिंबं नाहीतर डब्यात घातलेला केक मागच्याच पायरीवर ठेवून जात. लोसाने पिशवी कधी काढली नाही. इतकी माणसं आपल्याला जपतात याचं तिला सुख होतं, आणि त्या सुखाचा हिशेब दुसरीकडे कुठे लागतोय हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

तिने चिकटपट्टी ओरबाडून काढली. मशीनच्या काचेआड पाणी साचलं होतं. मेकॅनिक म्हणाला, सुटा भाग तीन आठवड्यांनी येईल, तोवर पुढच्या दाराचं मशीन तेवढं चालू. टेकडीच्या वळणांवर वळेल अशी आखूड बस डेपोत ही एकच होती.

सोमवारी सकाळी तिने पहिल्याच थांब्यावर पुढचं दार उघडलं. माणसं बाहेर वाऱ्यात उभी राहून मागच्या दाराकडे बघत राहिली.

"पुढून या," ती म्हणाली. "कार्ड लावा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आज संध्याकाळी घ्या. आपण कोणी मोजलेच गेलेलो नाही, आणि आता आकडा कमी आला तर बस बंद होणार."

"म्हणजे दोन वर्षं आम्ही नव्हतोच?" रखवालदाराने विचारलं.

"कागदावर नव्हता."

"माझी बायको म्हणतेच तसं," तो म्हणाला. दोघंतिघं हसले. हुहाना मावशी हसली नाही. आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार, शनिवार, ती डायलिसिसला, रक्त धुऊन घ्यायला, रुग्णालयात जायची. सोमवारी मात्र बाजाराला निघाली होती. तिने हातातली काठी पायरीवर टेकली.

"बस गेली तर मला खाली शहरात खोली घ्यायला सांगतील," ती म्हणाली. "रुग्णालयाजवळ. सोयीची. माझा नवरा वर पुरलाय, माझी बहीण वर पुरलीय, आणि मी खाली लिफ्टच्या इमारतीत मरू?" मग ती वळून सगळ्यांवर ओरडली, "ऐकलंत ना? ड्रॉवर उपसा. कार्डं शोधा."

मंगळवारी मशीन एकोणीस वेळा वाजलं. बुधवारी वीस. पुढून चढायचं म्हणून मावशी आता पहिल्या बाकावर बसायची, लोसाच्या बरोबर मागे. मागे जाण्याएवढं बळ तिच्या पायांत नव्हतं. शुक्रवारी विमलेशभाई म्हणाला, "मेंढ्यांनी कार्डं काढलेली दिसतात. चौदा सरासरी! असंच ठेव."

शनिवारी-रविवारी शहरात साथीची पुन्हा लाट उसळली. सोमवारी डेपोत अकरा ड्रायव्हर कमी होते, मंगळवारी सतरा. भिंतीवरच्या फळ्यावर फेऱ्यांपुढे लाल फुल्या पडत गेल्या. दुपारच्या फेऱ्या विमलेशभाई कोणाकोणाच्या गळ्यात मारत होता, काही सोडून देत होता. सव्वीसच्या सकाळच्या फेऱ्यांपुढे फुली नव्हती, कारण त्या लोसाच्या होत्या.

मंगळवारी सकाळी तिच्या घशात काहीतरी खरखरलं. एखादा केस अडकावा तेवढंच. सगळ्या ड्रायव्हरांना चाचणीचं एकेक खोकं दिलेलं होतं. तिचं खोकं डब्याच्या पिशवीत, केळ्यांखाली होतं. ते तिने पाहिलं आणि पिशवीची चेन लावली. मग भावाला फोन केला.

"बाबांना आठवडाभर तुझ्याकडे घेऊन जा."

"का गं? काय झालं?"

"काही नाही. माझी कामाची गडबड आहे."

"गडबड तर नेहमीच असते," भाऊ म्हणाला. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ हात धूत राहिली.

तिने तोंडावर दोन मास्क चढवले. बसच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. दक्षिणेचा वारा बसमधून आरपार जात होता. माणसं एकामागून एक पुढून चढली, तिच्या खांद्यापासून हातभर अंतरावर थांबली, कार्ड लावून आत गेली. मशीन वाजत होतं, आणि प्रत्येक वाजण्यासरशी तिचा जीव थोडा हलका व्हायचा आणि लगेच पुन्हा जड व्हायचा. मधल्या वळणावर तिला खोकला आला. तिने तो दाबला. दाबलेला खोकला जास्तच मोठा वाटला.

पाठीमागच्या पहिल्या बाकावरून मावशीचा आवाज आला, "खिडकी अजून जरा उघड, पोरी."

"गार लागेल तुला."

"लागू दे."

नंतर टेकडी उतरेपर्यंत कोणी बोललं नाही. एरवी या बसमध्ये भाव, हवामान, सुना, सगळं निघायचं.

बुधवारी सोळा. गुरुवारी तेरा. लोसाचं अंग दुखत होतं. स्टिअरिंग हातांना जड लागत होतं. फळ्यावर तेवीस फुल्या होत्या. तिने विमलेशभाईला विचारलं, "मी आले नाही तर कोणी आहे?"

"तू आली नाहीस तर मी चालवीन," तो म्हणाला, "आणि पहिल्याच वळणावर मेंढ्यांसकट समुद्रात." मग तिच्या डोळ्यांकडे बघत त्याने विचारलं, "बरी आहेस ना?"

"झोप झाली नाही."

तो काहीतरी बोलणार होता. त्याने फळ्याकडे पाहिलं आणि पुढच्या फेरीचा कागद उचलला.

शुक्रवारी सकाळच्या फेरीला अकरा. दुपारी मोजणी संपली तेव्हा बस डेपोत लावून ती स्वच्छतागृहात गेली आणि केळ्यांखालचं खोकं काढलं. पंधरा मिनिटं थांबायचं असतं. तिला थांबावं लागलं नाही. पाणी पट्टीवर चढता चढताच दुसरी रेघ उमटली, पहिलीपेक्षा गडद. इतकी गडद रेघ एका दिवसाची नसते.

सात दिवस ती घरात एकटी होती. तिसऱ्या दिवशी विमलेशभाईचा फोन आला.

"दहा पूर्णांक दोन! वाचला तुझा रस्ता. म्हणजे सप्टेंबरपर्यंत तरी. तोवर दर महिन्याला आकडा बघणार आहेत." मग तो म्हणाला, "ऐकतेस ना? आनंद हो थोडा."

"वरचे लोक कसे आहेत, भाई?"

"तुझ्याऐवजी एक नवा गेला होता दोन दिवस. त्याला कोण ओळखतं? माणसं चढली, उतरली. मशीन वाजतंय, एवढं कळतं."

सात दिवसांनंतरही अंगात बळ यायला आणखी पाच दिवस गेले; ती परतली तो गुरुवार होता. मावशीचा दिवस. बस टेकडीच्या टोकाला लावून तिने पुढचं दार उघडलं. रखवालदार चढला, त्याने कार्ड लावलं, मग खिशातून दुसरं काढून तेही लावलं, आणि तिच्याकडे न बघता आत गेला. बेकरीतल्या बाईनेही दोनदा लावलं. तिसऱ्या थांब्यावर मावशी नव्हती. तिथे तिची भाची मेरेआना उभी होती, पन्नाशीची, रुग्णालयातच कपडे धुण्याच्या विभागात काम करणारी. एरवी ती पहाटेच्या फेरीला असायची. तिने आपलं कार्ड लावलं. मग पाकिटातून दुसरं. त्याच्या कोपऱ्यावर मावशीने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता, चष्म्याशिवाय ओळखू यावं म्हणून.

"कशी आहे ती?" लोसाने विचारलं.

"ऑक्सिजनवर. रविवारपासून." मेरेआना दांडा धरून उभीच राहिली. "बोलत नाही आता. नेताना म्हणाली, माझं कार्ड रोज लावत जा, अंथरुणात आहेत त्यांचीही लावा, आकडा कमी व्हायला नको."

लोसाने हँडब्रेकवरचा हात काढला नाही. "मेरेआना, त्या आठवड्यात मी आजारी होते. मला मंगळवारीच कळलं होतं."

"तिलाही मंगळवारीच कळलं," मेरेआना म्हणाली. "घरी येऊन सांगितलंन. मी म्हटलं, मग आता त्या बसने जाऊ नकोस. तर माझ्यावरच ओरडली. म्हणाली, खिडकी उघडी ठेवायची आणि गप्प बसायचं, नाहीतर पोरीला घरी पाठवतील."

"बाकीच्यांना?"

"बसमध्ये एकोणीस माणसं होती, लोसा. बहिरं त्यातलं कोणी नव्हतं."

तिचं बोलणं रागाचं नव्हतं. राग असता तर लोसाला काहीतरी म्हणता आलं असतं. मेरेआना आत जाऊन मावशीच्या बाकावर नाही, त्याच्या मागच्या बाकावर बसली. पहिला बाक सगळ्यांनी रिकामा सोडला होता.

खाली शहरात माणसं एकेक करून मागच्या दाराने उतरू लागली. लोसा नेहमीप्रमाणे कान देऊन होती. घोगरा आवाज. घाईतला आवाज. रुग्णालयाच्या थांब्यावर मेरेआनाचा, कोरडा, नीट उच्चारलेला : "थँक्यू, ड्रायव्हर." अकरा. तिने दार लगेच मिटलं नाही. सवयीने ती शेवटच्या सावकाश आवाजाची वाट बघत राहिली. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. मग तिने दार मिटलं आणि फेरी संपल्याची नोंद करायला समोरचं बटण दाबलं.

मशीनने आकडा दाखवला. एकोणीस.