मनगटावरचा घास

दामाजींना आईची एकच आठवण होती आणि ती त्यांनी सत्तर वर्षं जिवापाड जपली होती. आई त्यांना कडेवर घेऊन ठाण्याच्या बाजारात चाललीय, डोक्यावर मासळीची पाटी, आणि पाटीतलं गार पाणी थेंबथेंब त्यांच्या कानावर गळतंय. बस्स, एवढंच. आई गेली तेव्हा ते अडीच वर्षांचे होते. तिचा फोटोही नव्हता. कोलशेतच्या कोळणीचा फोटो तेव्हा कोण काढणार? लोकांना अख्खी आई मिळाली, दामाजींना कानावरचे थेंब मिळाले, आणि तेवढ्यावर त्यांनी भागवलं.

बाकी त्यांचा दिवस नातीचा. मुलगा हितेश आणि सून प्राप्ती कामाला गेले की चार वर्षांची सान्वी आजोबांच्या ताब्यात. खरं म्हणजे आजोबा तिच्या ताब्यात. तिला शाळेत सोडा, आणा, कार्टून बंद करण्यावरून भांडा, मग दुपारी भरवा. भरवण्यात मात्र दामाजींचा हात कुणी धरू शकत नव्हतं. कोपरापर्यंत हात धुऊन बसायचे, मासा सोलून भातात कुस्करायचे आणि घास डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला अंगठ्यानं दाबून फिरवायचे. काटा असला की तिथे टोचतो. मगच घास सान्वीच्या तोंडात. प्राप्तीनं सुरुवातीला नाक मुरडलं होतं. पण पोरीच्या घशात आजवर एक काटा अडकला नाही म्हटल्यावर तीही गप्प बसली.

परवा शाळेतून कागद आला. वर लिहिलेलं, 'आजी-आजोबांच्या लहानपणची आठवण', आणि खाली चित्रासाठी रिकामी चौकट. रविवारी सगळे घरी होते. दामाजींची थोरली बहीण सरस्वतीबाईही आल्या होत्या. वय ब्याऐंशी, जिभेची धार मात्र जशीच्या तशी. दामाजींनी सान्वीला मांडीवर घेतलं आणि थाटात आपली ठेव उघडली. कडेवर ते, वर पाटी, कानावर पाणी.

"दामा, ती मी रे," सरस्वतीबाई म्हणाल्या. "कडेवर मी होते. तू जल्मला पन नव्हतास. आय गेल्यावर आपन आंबिवलीला आत्याकडं वाढलो. तिथं तू तापानं रडत होतास ना, तवा मीच तुला ही गोष्ट सांगितलेली."

त्या सहज बोलल्या. कुणाला खोटं पाडायचं त्यांच्या मनातही नव्हतं. दामाजी हसले, "असंल बाय," म्हणाले आणि सान्वीला मांडीवरून खाली ठेवलं. म्हातारपणी माणसाचं काय काय जातं. दात जातात, झोप जाते. पण आई दुसऱ्यांदा जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"बाबा, मग चौकटीत काय काढायचं?" प्राप्तीनं हळूच विचारलं.

"राहू दे कोरी. मला काय आठवत नाय."

प्राप्तीनं विषय वाढवला नाही, पानं वाढली. बोई माशाचं आंबट कालवण होतं. सवयीनं सान्वी आजोबांसमोर बसली, आणि सवयीनंच त्यांनी तुकडा सोलला, भातात कुस्करला, घास मनगटावर फिरवला. समोर सरस्वतीबाईंचा हात ताटातच थांबला.

"हे तुला कुनी शिकवलं?"

"कुनी नाय. सवय हाय माजी."

"आय अशी करायची." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "खडकावरची कालवं फोडून फोडून तिची बोटं दगड झालेली. हाताला काटा लागायचाच नाय, म्हनून मनगटावर बघायची. मना ते कदी जमलं नाय, मी ताटातच बघते. आत्याकडं तर तुळशीची माळ होती, मासा घरात येत नव्हता. आनि तुजी बोटं रे? कंपनीत जल्मभर पेन चालवलास, लोन्यासारखी बोटं. तुला मनगट कशाला लागतंय?"

दामाजी आपल्या मनगटाकडे बघत राहिले. पातळ कातडी, हिरव्या शिरा आणि भाताची दोन शितं. बोटं चांगली असताना आपण हे का करतो, असा प्रश्न त्यांना बहात्तर वर्षांत पडला नव्हता. हितेशलाही त्यांनी असंच भरवलं होतं. डोक्यात आईचा चेहरा नाही, आवाज नाही, आणि हात मात्र रोज दुपारी तिचंच काम करत होता. आपल्याच हाताला हात लावायची त्यांना भीती वाटली.

घास येईना म्हणून सान्वी कंटाळली. तिनं ताटातून स्वतःच एक घास उचलला, आपल्या इवल्याशा मनगटावर दाबला आणि फिरवला.

"आजोबा, काटा."

तिनं केसाएवढा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. पुन्हा एकदा फिरवून पाहिलं, आणि मग घास आजोबांच्या तोंडासमोर धरला.

दामाजींनी डोळे मिटले आणि अडीच वर्षांच्या पोरासारखा आ केला.