वळणावरचा वेग

रुग्णवाहिकेचं दार लावण्याआधी ड्रायव्हरनं आपल्या भावाच्या अंगावरची चादर पायांखाली नीट खोचली, छातीवरचा पट्टा पुन्हा एकदा आवळला. वहिनी शेजारच्या बाकावर बसली होती. तिनं दिराकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सकाळी भाऊ गच्चीवरून पडला तेव्हा फोन तिनंच केला होता, तोही नाइलाजानं. वडिलांच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून दोघा भावांचं तीन वर्षं बोलणं बंद होतं.

मानेला मार लागलाय, हे त्यानं बघताक्षणी ओळखलं. बावीस वर्षं हेच काम. उस्तादानं पहिल्याच दिवशी कानीकपाळी ओरडून शिकवलं होतं, गाडी वळते, माणूस वळत नाही. गाडी थांबते, माणूस थांबत नाही. आतला जीव आपला सरळ, आहे त्याच वेगानं निघालेला असतो. त्याला अडवतो तो पट्टा, नाहीतर पत्रा. दुखावलेल्या मानेला तेवढा हिसका पुरतो. म्हणून वाटेतल्या टेकडीची अकराच्या अकरा वळणं त्यानं भावाला तळहातावरच्या फोडासारखं जपत पार केली. वहिनी मागून काच बडवत होती, "अहो भावजी, पळवा ना!" त्यानं पळवली नाही.

मान शाबूत राहिली. रक्तस्राव पोटात होता, तो बाहेरून कुणाला दिसणार! डॉक्टर हात पुसता पुसता बोलून गेले, "वीस मिनिटं आधी आणलं असतं तर..." त्यांचं काय जातं बोलायला? वहिनीनं तेवढंच मनात धरलं.

"तुम्हाला सूडच उगवायचा होता," दवाखान्याच्या पायऱ्यांवर, चार माणसांत ती म्हणाली.

त्याला मानेचं सांगायचं होतं, वळणांचं सांगायचं होतं. पण सगळं बरोबर करूनही भाऊ गेला होता. आता समजावणार काय, कपाळ!

भावाचा देह घेऊन घरी परतताना पुन्हा तीच टेकडी. चढ सरला, उतार लागला. पहिलं वळण त्यानं हळू घेतलं, दुसरंही. पाय आपसूक ब्रेकवर जात होता.

"आता कशाला जपताय, भावजी?" मागून वहिनीचा थंड आवाज आला. "आता काय व्हायचं राहिलंय?"

त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि पाठोपाठ संताप. तिसऱ्या वळणावर त्यानं ब्रेकला पाय लावलाच नाही. गाडी वळली. मागे चादरीखालचं डोकं कलंडून पत्र्यावर आपटलं.

त्यानं आरशात पाहिलं. वहिनी खाली गुडघ्यांवर आली होती. नवऱ्याचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरून ती किंचाळत होती,

"हळू! अहो, हळू ना! लागेल त्यांना!"