हर्शेलचा वांगी रंगाचा कोट

मी एक जुना कोट आहे. रंग वांग्याचा, बटणं तीन, त्यातलं मधलं मूळचं नाही. मित्रांनो, हे सगळं मी तुम्हांला माउंट नेबो चर्चमधून सांगतो आहे आणि मला जरा घाई आहे. थोड्या वेळाने शवपेटीचं झाकण लावतील. पेटीत हर्शेल बॅस्कम आहे आणि हर्शेलच्या अंगावर मी आहे.

माझा जन्म अलाबामातल्या टॉलिव्हर गावी झाला, ओझेला मावशीच्या मागच्या खोलीत. ही हर्शेलच्या आईची धाकटी बहीण. गावातल्या नवरीचे झगे तिने शिवायचे, भजनमंडळाचे अंगरखेही तिनेच. माझं कापड खरं तर चर्चच्या पडद्यासाठी मागवलं होतं. दुकानदाराला द्राक्षाचा रंग सांगितला आणि त्याने पाठवला वांग्याचा. पाद्रीबुवांनी नाक मुरडलं. "हा रंग देवापुढे शोभायचा नाही," असं म्हणून त्यांनी गठ्ठा मावशीच्या दारात टाकला. देवाला नको होतं ते हर्शेलच्या वाट्याला आलं, आणि त्याला ते कसलं शोभलं म्हणता!

हर्शेल तेव्हा विशीतला होता आणि काडीसारखा होता. मावशीने माप घेतलं आणि शिवणींत चांगली तीन-तीन बोटं माया ठेवली. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपीलोक माया म्हणतात, हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक असेल.

"मावशी, एवढं कापड आत कशाला कोंबतेस? बोचतंय," हर्शेल कुरकुरला.

"बोचू दे. तू आमच्या घराण्यातला आहेस. चाळिशीत पोट सुटणार तुझं, लिहून ठेव."

आणि तसंच झालं. चाळिशीही लागली नाही.

लोक त्याच्या गाण्याला सोल म्हणत, म्हणजे आत्म्याचं गाणं. मी पडलो कोट, मला आत्म्यातलं काय कळणार? मला छाती कळते. गाण्याआधी तो श्वास घ्यायचा तेव्हा माझी बटणं ताणली जायची, काज कुरकुरायचे आणि मग आवाज निघायचा. 'नदी उतरली की येईन' हे त्याचं गाणं. ते सुरू झालं की तळलेल्या माशांच्या ताटांवरून लोक उठायचे. बायका हातरुमाल हलवायच्या. तो मध्येच लोकांकडे पाठ करून नुसते खांदे हलवायचा, आणि ते काम, मित्रांनो, निम्मं माझं होतं. नदीकाठच्या तीन-चार परगण्यांत त्याच्या नावाचा डंका होता. न्यूयॉर्कात त्याला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं, पण आमचं न्यूयॉर्कवाचून कधी अडलं नाही.

त्याला ओळखायचे ते मात्र माझ्यामुळे. फुशारकी नाही, खरंच सांगतो. एकदा तो साध्या सदऱ्यात मासे आणायला गेला. मासेवाली त्याच्याकडे निरखून बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही थोडेसे आमच्या हर्शेल बॅस्कमसारखे दिसता. पण तो उंच आहे हो!" घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा त्याची बायको लुव्हीनिया हसून हसून खुर्चीत कोसळली. मी खुंटीवर होतो. मला हसता येत नाही, नाही तर मीही हसलो असतो.

वर्षं गेली. हर्शेल भरत गेला, मावशी मला उसवत गेली. दर दोन-तीन वर्षांनी बोटभर माया सुटायची. मग हर्शेलला साखरेचा आजार जडला. पायाचा अंगठा गेला, उभं राहणं कमी झालं. नवी पोरं नवी गाणी गाऊ लागली. आमंत्रणं आधी कमी झाली, मग थांबली. लुव्हीनियाने मला झाडलं, इस्त्री केली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात टांगलं. तिने केलं ते प्रेमानेच. पण पिशवीत आठ वर्षं काढून बघा म्हणजे कळेल. कधीकधी हर्शेल कपाट उघडायचा, पिशवीवरून हात फिरवायचा आणि बंद करायचा. घरात तो गुणगुणायचा, मला ऐकू यायचं. ऐकायला बाहेरचं कोणी येत नव्हतं. मला त्या गावाचा फार राग आला होता, खोटं कशाला बोलू?

गेल्या मंगळवारी तो गेला. दुपारी खुर्चीत बसला होता, तसाच गेला.

बुधवारी लुव्हीनियाने मला बाहेर काढलं आणि अंत्यविधी करणाऱ्या क्रेनशॉकडे नेलं. क्रेनशॉ सज्जन माणूस, बोलतो हळू. त्याने मला तिथे ठेवलेल्या हर्शेलच्या अंगावर धरून पाहिलं. आजाराने हर्शेलचं काही उरलंच नव्हतं. माझ्यात त्याच्यासारखे दोन मावले असते.

"वहिनी, पाठीमागून चिमटे लावून ओढून घेतो," क्रेनशॉ म्हणाला. "नाही तर माझ्याकडे राखाडी सूट आहे. त्याच्या मापाचा."

राखाडी सूट घालून बघितला. अगदी बेतशीर बसला. 

"हा बँकेतला कोणीतरी दिसतोय," लुव्हीनिया म्हणाली. "शनिवारी अख्खं गाव येणार. पेटीत डोकावणार आणि म्हणणार, हा कोण? क्रेनशॉ, मासेवालीने त्याला ओळखलं नाही तेव्हा मी हसले होते. आता नाही हो हसता येणार मला."

त्याच दिवशी राज्याच्या राजधानीतल्या संग्रहालयाचा माणूसही आला. तरुण, शिकलेला, हातात पांढरे हातमोजे. ते घालूनच त्याने मला उचललं. "बाई, ही वस्तू जमिनीत जाता कामा नये," तो म्हणाला. "आम्ही काचेच्या कपाटात ठेवू. आत मंद दिवा. कसर नाही, ऊन नाही. शंभर वर्षं टिकेल."

मित्रांनो, तुमच्यापाशी कबूल करतो, मला मोह झाला. मंद दिवा! शंभर वर्षं! आठ वर्षं पिशवीत कुजलेल्या कोटाला याहून जास्त काय हवं? हर्शेल माझा होता हे खरं, पण तो गेला होता. मी अजून होतो. राखाडी सूट बरा आहे की, असं मी मनात म्हणालो. आज त्याची लाज वाटते.

लुव्हीनिया कशालाच हो म्हणेना. तिने माझी घडी घातली आणि मला ओझेला मावशीकडे नेलं.

मावशी एक्याण्णव वर्षांची आहे. डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप. तिने मला मांडीवर घेतलं आणि बोटांनी शिवणी चाचपल्या.

"कितीने आत घ्यायचाय?"

"फार, मावशी. फारच. तुम्हांला नाही झेपायचं."

"मला काय झेपतं ते तू नको सांगू. सुया ओव. मला दोरा दिसत नाही."

लुव्हीनियाने पंधरा सुया ओवल्या आणि उशीवर ओळीने टोचून ठेवल्या. संपल्या की पुन्हा ओवायची. गुरुवार गेला. मावशी डोळे मिटून टाके घालत होती, बोटांनी मोजत. कुठे टाका वाकडा गेला की जीभ चावून उसवायची आणि पुन्हा घालायची. दोनदा सुई तिच्या बोटात घुसली. दुपारी लुव्हीनियाने मक्याची भाकर आणि पालेभाजी पुढे ठेवली, तर म्हणाली, "तेलाचे हात कोटाला लागतील, ने ते." शुक्रवारी दुपारी एकच्या सुमारास तिचा हात इतका थरथरू लागला की सुई खाली पडली. माझी एक बाही अजून राहिली होती. लुव्हीनिया रडायला लागली. मावशीने नुसता हात पुढे केला. "रडायला उद्याचा दिवस आहे. सुई दे."

चार वाजता त्या दोघी मला घेऊन क्रेनशॉकडे पोचल्या.

"मावशी, कोटाच्या पाठीला मधोमध एक चीर देतो," क्रेनशॉ अदबीने म्हणाला. "घालायला सोपं जातं. सगळ्यांचंच करतो, वरून दिसत नाही."

"चीर? अरे, हा जन्मभर पाठ दाखवून नाचला, आणि फाटक्या पाठीने पाठवू? बाजूला हो. आम्ही घालतो."

दोघींनी मिळून घातलं. एकीने खांदा उचलला, एकीने बाही सरकवली. घालता घालता क्रेनशॉला माझी आतली बाजू दिसली. मावशीने जादा कापड कापलंच नव्हतं. सगळं दुमडून, चापून, टाके घालून आत ठेवलं होतं.

"मावशी, हे कापून टाकायला हवं होतं. उगाच जाड लागतंय. आता पुन्हा सैल कोण करणार आहे?"

मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं अडाणी पोराकडे पाहावं.

"क्रेनशॉ, तिकडे वर याची आई आहे. माझी बहीण. तिच्या हातचं जेवलायस कधी? आठ वर्षं हा साखरेपायी उपाशी राहिला, आता ती याला सोडते होय! महिन्याभरात पोट सुटेल याचं. आणि तिला शिवणातलं ओ की ठो कळत नाही. उसवायचं म्हटलं तर निदान आत माया तरी हवी की नको? मी काही लगेच जात नाही तिकडे."

 क्रेनशॉने चष्मा काढला आणि उगीच पुसत राहिला.

आणि मी? मला त्या काचेच्या कपाटाचा विचारसुद्धा नकोसा झाला. मला वाटायचं, जपणं म्हणजे ऊन-कसर लागू न देणं. पांढऱ्या हातमोज्यांचा माणूस वाईट नव्हता. पण त्याने मला मी होतो तसा ठेवला असता. मावशीने हर्शेल अजून भरणार आहे असं धरलं. मी कुठे जायचं, हे तेव्हाच ठरलं.

आज सकाळी चर्चचं दार उघडलं. लुव्हीनिया पहिल्या बाकावर काठीसारखी ताठ बसली होती, हातातला पंखा हलवायचं विसरून. सगळ्यांत पुढे मिस टेनी आली. ही चाळीस वर्षं हर्शेलच्या प्रत्येक जलशाला पहिल्या रांगेत असायची आणि त्याला नावं ठेवल्याशिवाय घरी जायची नाही. तिने पेटीत वाकून पाहिलं. 

"बघा तरी कसा ऐटीत पडलाय मेला!" मिस टेनी म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिने तोंडावर हात दाबला.

 मग लुव्हीनिया हसली. मंगळवारपासून पहिल्यांदा. हसता हसता रडली, आणि मग अख्खं चर्चच हसायला-रडायला लागलं. मागून येणारे एकमेकांना सांगत होते, "हर्शेलच आहे. जा, बघून ये. अगदी आपला हर्शेल."

आता ते 'नदी उतरली की येईन' गात आहेत. सुरुवातीचा सूर लागला तेव्हा सवयीने मी तयार झालो, आता छाती फुलेल, आता काज कुरकुरतील. छाती फुलली नाही. बटणं सैलच राहिली. मित्रांनो, एवढं एकच मला सोसत नाही.

झाकण घेऊन माणसं आली आहेत, तेव्हा शेवटचं मागणं सांगून टाकतो. आज इथे पाय ठेवायला जागा नाही. दारात, पायऱ्यांवर, रस्त्यावर माणसं आहेत आणि सगळ्यांना शब्दन् शब्द पाठ आहे. गेली आठ वर्षं ही माणसं इथेच होती, दोन गल्ल्यांपलीकडे. कोणावर रुसायचा आज दिवस नाही. पण तुमच्याही गावात असा एखादा गाणारा असेल. म्हातारा झाला असेल, खुर्चीत बसून एकटाच गुणगुणत असेल, आणि त्याचा कोट कपाटात पिशवीत टांगलेला असेल. आजच्या आज त्याच्या घरी जा. दार वाजवा आणि म्हणा, "दादा, कोट घाल. आम्ही ऐकायला आलोय."