दारे आधी आली

मित्रांनो, घरात तो फोन वाजला तेव्हा माझ्यात एक कागद चढवलेला होता आणि त्यावरचे शेवटचे वाक्य अर्धे होते. फोन विद्यापीठातून आला होता. तो काकांनी घेतला. काका लिफ्ट दुरुस्त करतात. त्या दिवशी त्यांना सुट्टी होती, म्हणून ते घरी होते. ते ‘हो’ म्हणाले, थोडे थांबून पुन्हा ‘हो’ म्हणाले, आणि मग त्यांनी विचारले, “कुठल्या जिन्यात?” पायात चपला सरकवून ते तसेच निघाले. दार उघडेच राहिले. शेजारच्या आजींनी ते नंतर लोटून घेतले.

संध्याकाळी घरात माणसे जमली तेव्हा त्यांच्या बोलण्यातून मला कळले. काकू वर्गाला जाताना जिन्यात कोसळल्या होत्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते.

मी टाईपरायटर आहे. वयाने बराच जुना आणि फ्रेंच अक्षरांचा. मराठीत मला ‘तो’ म्हणतात. फ्रेंचमध्ये मात्र मी ‘ती’ आहे. काकूंना याची फार गंमत वाटायची. मला पुसताना त्या म्हणायच्या, “आज कोण आहेस रे, तो की ती?”

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. एका बाईने माझी अक्षरे एकेक करून बसवली आणि प्रत्येक अक्षर कागदावर उमटवून पाहिले. पुढे मी जहाजाने माल पाठवणाऱ्या एका कचेरीत काम केले. तिथे माझा मोठा मान होता. मोठे साहेब मला हात लावायच्या आधी हात पुसत. मग कॉम्प्युटर आले आणि मला विद्यापीठाच्या फ्रेंच विभागाला देऊन टाकले. तिथेही कॉम्प्युटर आलेच. मी कपाटावर गेलो. माझ्यावर कुणीतरी कुंडी ठेवली. कुंडीतले रोप वाळले, तरी ती बराच काळ तिथेच होती.

काकू तिथल्या विद्यार्थिनी होत्या. टेलिफोन कचेरीतली नोकरी करता करता त्यांनी फ्रेंचच्या खालच्या परीक्षा दिल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्या थेट एम.ए.च्या वर्गात जाऊन बसल्या. वर्गातली मुले त्यांना काकू म्हणत. शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्याहून बऱ्याच लहान होत्या, त्याही काकूच म्हणत. व्याकरण आणि निबंधलेखन हा सगळ्यांत अवघड विषय होता. काकूंनी मला मागून घेतले आणि टॅक्सीत मांडीवर ठेवून घरी आणले.

“घरात कॉम्प्युटर असताना हे धूड कशाला?” काकांनी विचारले.

“अहो, कॉम्प्युटर चूक मला दिसायच्या आधीच सुधारून टाकतो. परीक्षेत कोण सुधारणार आहे, तुम्ही?”

“मी बुवा लिफ्ट सुधारतो. त्यात कुणी अडकलं असेल तर सांग.”

काकांनी मला पूर्ण उघडले. जुनी धूळ ब्रशने काढली. रिबन मिळेना, तर कुठून तरी शोधून आणली. तेवढ्यात त्यांना एक बिघाड सापडला. माझी एक कळ दाबली की काही फ्रेंच अक्षरांच्या डोक्यावर असते ती टोपीसारखी खूण उमटते, पण कागद धरणारी कॅरेज पुढे सरकत नाही. काकांनी त्या कळीच्या दांडीला आत एक पातळ पट्टी लावली. कॅरेज सरकू लागली. ते खूश झाले.

काकूंचा त्या आठवड्याचा निबंध परत आला तो लाल खुणांनी भरून. मॅडमनी खाली लिहिले होते, ‘काकू, सगळ्या टोप्या डोक्यावरून उतरून शेजारी जाऊन बसल्या आहेत.’

“काय केलंत हो तुम्ही याला?” काकूंनी विचारले.

“एक कळ मेलेली होती. जिवंत केली.”

“अहो, ती मेलेलीच असते! तिचं नावच मेलेली कळ आहे. आधी टोपी काढायची, जागचं हलायचं नाही, आणि मग त्याच जागी अक्षर मारायचं. ती मेलेली आहे म्हणून तर टोपी नीट बसते.”

काकांनी मुकाट्याने पट्टी काढली. नंतर पाहुण्यांना ही गोष्ट सांगताना काकू इतक्या हसत की शेवट काकांनाच सांगावा लागे.

काकूंची स्वतःची चूक निराळी होती आणि ती काही केल्या जात नव्हती. ‘मी पत्रे लिहिली’ असे लिहायचे झाले, की त्या फ्रेंच क्रियापदाला पत्रांचे लिंग आणि वचन लावून टाकत. मॅडम दर वेळी त्याभोवती लाल गोल करत. एकदा मला पुसणाऱ्या काकांना त्यांनी ते समजावून सांगितले.

“हे बघा, आपल्याकडे मी पत्र लिहिलं, मी चिठ्ठी लिहिली, मी पत्रं लिहिली. क्रियापद वस्तू बघून बदलतं. त्यांच्याकडे तसं नाही. वस्तू आधी येऊन बसली असेल तरच बदलायचं. ‘पत्रं, जी मी लिहिली’ असं म्हटलं तर बदल. पण ‘मी लिहिली पत्रं’ म्हटलं तर ओळखच दाखवायची नाही.”

“म्हणजे आमच्या मोठ्या साहेबांसारखं. आधी जाऊन समोर बसलं तरच ओळख.”

“बरोब्बर! आता विसरणार नाही मी.”

त्या आणखी दोनदा विसरल्या. मग मात्र चूक गेली. मॅडमनी वर्गात त्यांचा निबंध वाचून दाखवला, आणि त्या संध्याकाळी काकूंनी मला नवे झाकण शिवले.

शेवटच्या सत्रात मॅडमनी विषय दिला : तुम्ही जवळून पाहिलेले एक काम. काकूंनी काकांचे काम निवडले. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, आत माणसे असतात, बाहेरून काका त्यांच्याशी बोलत राहतात. काकू काकांना खोदून खोदून विचारत. आधी काय बघता? घाबरलेल्या माणसाला काय सांगता? काका म्हणत, “अगं, मी त्यांना विचारतो, जेवलात का. माणूस उत्तर द्यायला लागला की रडायचं थांबतो.” काकूंनी तेही लिहिले.

त्या सकाळी त्या शेवटच्या पानावर होत्या. मधेच हात थांबवून त्यांनी घड्याळ पाहिले आणि पिशवी उचलली. “अहो, कागद काढू नका. आल्यावर तुम्हाला एक विचारायचंय, दारांबद्दल.”

मित्रांनो, त्यानंतर बरेच दिवस मला कुणी हात लावला नाही. काकूंच्या मावसबहिणीने येऊन त्यांच्या साड्या आवरल्या. ती माझ्याकडे वळली तेव्हा काका म्हणाले, “त्याला राहू दे.” एवढेच.

मग एक दिवस मॅडम घरी आल्या. विभागाचा वार्षिक अंक निघणार होता आणि त्यात काकूंचा निबंध पहिला घ्यायचा होता. काकांनी आधीची पाने दिली आणि मॅडमना माझ्याजवळ आणले. मॅडमनी वाकून वाचले.

“काय आहे ते?” काकांनी विचारले.

“‘दारं, जी माझ्या नवऱ्यानं’, आणि मग एक छोटं साहाय्यक क्रियापद. मुख्य क्रियापद यायचं राहिलंय.”

“कुठलं यायचं होतं?”

“ते नाही सांगता येत, काका. पण त्याच्या शेवटी काय येणार ते नक्की आहे. ई आणि एस. दारं आधी आलीत ना.”

काका बोटांवर मोजू लागले. “म्हणजे आपल्यासारखंच की. उघडली, लावली, ओढली, बदलली. काहीही असलं तरी शेवटी ‘ली’ येणार.”

“हो. शेपूट माहीत आहे, शब्द माहीत नाही.” मॅडमनी पर्स मिटली. “मी ‘उघडली’ घालू का? अर्थ बसतो. नाहीतर ते अर्धं वाक्य गाळून छापू. कुणाला कळणारही नाही.”

“गाळू नका. आणि तुम्ही घालूही नका, राग मानू नका. तिला मला काहीतरी विचारायचं होतं. दारं तर मीच हाताळतो. मी काय करतो ते मला सांगता यायला हवं, आणि तिच्या भाषेत.”

“काका, अंक तेवढा थांबणार नाही.”

“जाऊ दे मग. पुढच्या वर्षीचा निघेल ना?”

मॅडमनी त्यांना समजावले नाही. विभागात नवशिक्यांसाठी संध्याकाळचा वर्ग असतो, तो कधी सुरू होतो तेवढे त्यांनी सांगितले. अंक काकूंच्या निबंधाशिवाय निघाला. काकांनी वर्गात नाव घातले. वर्गातली मुले त्यांना लिफ्टवाले काका म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे जुने यंत्र असेल तर त्याच्यावर कुंडी ठेवू नका. धूळ ब्रशने काढा, पाण्याने नको. त्यात कागद चढवलेला असेल तर आधी वाचा. रोलरवर कागद फार दिवस ठेवला तर रबर चपटे होते, हे मलाही माहीत आहे आणि काकांनाही. एरवी मी स्वतःच कागद काढा म्हणालो असतो.

काका रोज वर्गातून आले की माझ्यासमोर बसून धडा मोठ्याने म्हणतात. त्यांचे उच्चार चांगले नाहीत. सध्या वर्तमानकाळ चालू आहे. ‘मी दार उघडतो’ इथपर्यंत ते आले आहेत. भूतकाळ अजून शिकवलेला नाही, आणि ते एक क्रियापद टाईप करायचे राहिले आहे.