जाळीला टेकलेला पाय

मित्रांनो, धुवून धुवून पिवळी पडलेली, दोन ठिकाणी रफू केलेली मी एक जुनी मच्छरदाणी आहे. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला शिवलं. शेवटची नाडी लावून त्या म्हणाल्या, "एक डास आत शिरायचा नाही बघा!" त्या कौतुकाने मी फुशारून गेले होते.

मला विकत घेतलं टिकलीच्या आईने. टिकली सात वर्षांची. तिला मधुमेह होता. कुठेही जायचं म्हटलं की आई इन्सुलिनची थंड पिशवी, सुया, शुगर तपासायचं मशीन आणि मला आठवणीने बॅगेत भरायची. बाबा चिडवायचे, "अगं, दोन दिवसांसाठी चाललोय की घर बदलतोय?"

एकदा आम्ही मावशीच्या नव्या घरी गेलो. शेजारी बांधकाम चालू होतं आणि खड्ड्यांत पाणी साचलं होतं. दुपारी जेवून टिकली आडवी झाली. खाट अरुंद होती. आईने मला बांधलं, कडा गादीखाली खोचल्या आणि ती बाहेर मावशीशी बोलत बसली. इकडे टिकली कुशीवर वळली आणि तिचा उघडा पाय माझ्या जाळीला टेकला.

डास टपलेलेच होते. एक आला, मग दुसरा. आत शिरायची त्यांना गरजच नव्हती! माझ्याच भोकांतून सोंड खुपसून ते तिचं रक्त पिऊ लागले. मला ओरडून आईला बोलवायचं होतं. पण मी नुसती पाहत राहिले.

संध्याकाळी घोट्यावर पाच गांधी उठल्या.

"आई, खूप खाजतंय गं!"

"खाजवू नकोस, राणी."

पण पोरच ते! खाजवून खाजवून तिने रक्त काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी घोटा लालभडक सुजला, अंग तापलं, उलट्या सुरू झाल्या. आई तिचं बोट टोचून मशीन पाहताच किंचाळली.

"अहो, शुगर चारशेच्या वर गेलीय!"

बाबा तिला उचलून अनवाणीच दवाखान्याकडे धावले.

त्या रिकाम्या खाटेवर मी चार दिवस तशीच लटकत होते. मावशी दारापर्यंत यायची आणि डोळे पुसत परत फिरायची. फोन वाजला की माझा धागा न् धागा ताठ व्हायचा. काय ऐकावं लागेल?

पाचव्या दिवशी टिकली आली. पायाला पट्टी, चेहरा एवढासा. बाबा मावशीला सांगत होते, "जखमेत जंतू शिरले, त्यामुळेच शुगर भडकली. डॉक्टर म्हणाल्या, अजून उशीर झाला असता तर..."

"पण मी मच्छरदाणी लावली होती हो!" आई रडू लागली.

टिकली हळूच म्हणाली, "आई, माझाच पाय जाळीला चिकटला होता. माझंच चुकलं."

"नाही गं बाळा, तुझं काही चुकलं नाही." आईने तिला घट्ट जवळ घेतलं.

त्यानंतर प्रत्येक प्रवासात टिकलीसाठी रुंद गादी, कडेला उशा, पायात मोजे आणि डॉक्टरांनी सांगितलेलं डास पळवणारं मलम आलं. तरी ती कूस बदलायची तेव्हा मी धास्तावायचेच.

म्हणून विनवते, मित्रांनो. मच्छरदाणी बांधून पाठ फिरवू नका. थोड्या वेळाने परत येऊन आतल्या लेकराचे हातपाय कुठे आहेत ते पाहा. आम्हाला हाक मारता येत नाही.