चोवीसच ठेव

स्ट्रेचरवरून जिना उतरवत होते तेव्हा मी रोस्वीथाला एकच गोष्ट बजावली, की पाणी चोवीसवरच ठेव. छातीत कळा येत होत्या, ॲम्ब्युलन्सवाला गप्प पडून राहा म्हणत होता, आणि मी बायकोचा हात धरून चोवीस, चोवीस करत होतो. तिला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

डोकंबिकं काही फिरलं नव्हतं. टाकीत एकतीस पिल्लं होती, जेमतेम दहा दिवसांची. बोटभर वाढणारे हे ॲमेझॉनकडचे मासे लोथारचे. लोथार म्हणजे केम्निट्झच्या आमच्या मत्स्यमंडळातला माझा जुना दोस्त. बावीस वर्षं त्याने हा वंश जपला आणि मरायच्या आधी बादलीत घालून माझ्या हवाली केला. मंडळात आता दुसऱ्या कुणाकडे ते नाहीत, सगळे रंगीत कोळंबीच्या मागे लागलेत.

या माशांची एक खोड आहे. पिल्लं पहिले सहा आठवडे उबदार पाण्यात वाढली, तर बहुतेक नर होतात. जरा गार पाण्यात माद्या होतात. हे मला ठाऊक होतं, तरी गेल्या साली गारठतील म्हणून मी शहाण्याने पाणी एकोणतीस अंशांवर ठेवलं. अठ्ठेचाळीस जगली आणि अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस नर निघाली. मंडळात लोक पोट धरधरून हसले. या खेपेची पिल्लं झाली आणि आठवड्याभरात त्यांची आई, माझ्याकडची शेवटची मादी, मेली. म्हणजे या एकतिसांत माद्या निघाल्या तर ठीक, नाहीतर लोथारचं सगळं मातीत.

गोम अशी की चोवीसला पिल्लं मरतही होती. सकाळी एखाद-दुसरं तळाशी पांढरं पडलेलं दिसे. रोस्वीथाला ते बघवत नसे. हीटर आहे तर दे ना बिचाऱ्यांना ऊब, असं ती म्हणायची आणि मी तिच्यावर खेकसायचो.

ऑपरेशन झालं. दोन आठवडे हॉस्पिटल, मग तीन आठवडे डोंगरातल्या आरोग्यकेंद्रात, तिथे भोपळ्याचं सूप आणि बिनमिठाचे बटाटे. रोज दुपारी मी फोन लावायचो. पाणी किती? चोवीस. मेली किती? आज एकही नाही. चला, सरावली म्हणायची पोरं, असं वाटायचं. पण फोन ठेवला की जीव पुन्हा टांगणीला. खरंच चोवीस असेल का? हीटर बिघडला तर हिला कळेल का? नर्स रक्तदाब बघायची आणि विचारायची, आता कुणाशी भांडलात?

घरी आलो तो कोट न काढताच टाकीशी गेलो. सव्वीस पिल्लं, गुटगुटीत, उड्या मारताहेत. चोवीसला पिल्लं अशी बाळसं धरत नाहीत. पारा बघितला, सत्तावीस.

रोस्वीथा दारातच उभी होती. तोंड एवढंसं झालेलं.

"पहिल्या आठवड्यातच पाच गेली, ओटमार. तिकडे तुझी छाती उघडून ठेवलेली, आणि मी तुला फोनवर मेलेली पिल्लं मोजून सांगू? मला कुणीच मरायला नको होतं."

मला ओरडायचं होतं. पण ती पाच आठवड्यांत पार वाळली होती. तिने आलुबुखाराचा केक केला होता, तो मी मुकाट खाल्ला. पाणी चोवीसवर आणलं, पण वेळ गेली होती हे मला कळत होतं.

मग सुरू झालं वाट बघणं. नर वयात आला की पाठीवरचा पर काट्यांसारखा ताठ उभारतो. मी भिंग घेऊन बसायचो. ऑगस्टअखेर नऊ नर, सप्टेंबरात एकोणीस. रोस्वीथाने मंडळातल्या कुणाला तरी विचारून चोवीसचं कारण समजून घेतलं होतं. ती टाकीजवळ फिरकत नसे. जेवण निम्मं टाकायची, आणि रोज सकाळी पाठमोरीच विचारायची, मुलगी निघाली का रे?

अजून कळत नाही, एवढंच मी म्हणायचो. ऑक्टोबरात पंचवीस नर झाले. उरलं एकच, सगळ्यांत छोटं, रोपांमागे दडून बसणारं. आठ दिवस माझे डोळे त्याच्यावरून हलले नाहीत. रविवारी कॉफीच्या आधी त्याच्याही पाठीवर तीन काटे दिसले. मी भिंग पुसून पुन्हा बघितलं. तीनच्या तीन.

रोस्वीथा कप घेऊन आली आणि तिने तेच विचारलं.

"निघाली," मी म्हणालो. "ती बघ, रोपांमागची छोटी."

तिने कप तसाच खाली ठेवला आणि काचेला नाक लावलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तेवढ्यात ते छोटं बाहेर आलं आणि शेजारच्या नरासमोर पाठीवरचे काटे ताठ करून उभं राहिलं.

"बघ तरी, पोरीचा तोरा," ती म्हणाली.

"हो ना," मी म्हटलं.