अर्गियाचा खटला

"आज तू बोलू नकोस. मी बोलतो," म्हातारा ड्राकेस मुलाला म्हणाला.

"काय सांगणार तुम्ही?" लिसॉनने केसांना तेल चोळता चोळता विचारलं.

"खरं तेच."

लिसॉनवर अर्गियाचा, म्हणजे धडधाकट असून रिकामं बसल्याचा आरोप होता. आमच्या अथेन्समध्ये पैसेवाल्याच्या रिकामपणाला स्खोले म्हणतात. त्या वेळात तो म्हणे विचार करतो. गरिबाच्या रिकामपणाला अर्गिया म्हणतात आणि त्यावर खटला भरतात. लिसॉनला याआधी दोनदा दंड झाला होता. या वेळी दोषी ठरला, तर त्याचं नागरिकत्वच संपणार होतं. मग सभेत तोंड उघडायचं नाही, देवळात पाऊल टाकायचं नाही.

कुंभारवाड्यात ड्राकेससारख्या घागरी कुणी घडवत नसे. पण पोराला त्याने कधी चिखलाला हात लावू दिला नाही. हौस होती ती. पोरगं आखाड्यात गेलं, वीणा शिकलं, बड्यांच्या मुलांमागे हिंडलं. पुढे म्हाताऱ्याचे हात कापू लागले, चाक विकावं लागलं, तरी चिरंजीव आपले सुगंधीच. घर चालत होतं ते सुनेच्या माहेरच्या पैशावर.

फिर्याद केली होती शेजारच्या मोस्खॉस कुंभाराने. त्याचा राग पोरावर होता, म्हाताऱ्यावर नव्हता. न्यायालयाच्या वाटेवर त्याने ड्राकेसला गाठलं.

"काका, तुम्ही काय बोलणार ते कळतंय मला. पण कायदा माहीत आहे ना? बापाने धंदा शिकवला नसेल, तर म्हातारपणी त्याला पोसायचं बंधन पोरावर राहत नाही."

"माहीत आहे," ड्राकेस हसला. "बापाला वाढताना पोरगा कायदा बघतो होय रे?"

पंचांपुढे तो काठीवर भार देऊन उभा राहिला. "जो बैल कधी नांगराला जुंपलाच नाही, त्याला आळशी कसं म्हणाल? मी याला कुठलाच धंदा शिकवला नाही. अपराध माझा आहे."

पंचांना दया आली. लिसॉन सुटला. म्हातारा गल्लीभर सांगत हिंडला, पोरगा सुटला म्हणून.

महिनाभरही गेला नाही. एका संध्याकाळी म्हातारा जेवायला बसला, तर त्याच्यापुढे भाकरी आली नाही.

"बाबा, घरात आता दोघांपुरतंच आहे," लिसॉन म्हणाला. "आणि तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणालात की."

"काय म्हणालो?"

"धंदा शिकवला नाही म्हणून. मग कायद्यानं..."

बोलताना तो खाली बघत होता, एवढं मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं.

"बरं," ड्राकेस म्हणाला. काठी घेतली आणि बाहेर पडला.

मोस्खॉसने त्याला ठेवून घेतलं. हात चालत नव्हते, पाय चालत होते, म्हणून चिखल तुडवायचं काम दिलं. भाकरी, कांदा आणि भट्टीजवळ झोपायला जागा. आम्ही येता-जाता बघायचो आणि जीव तुटायचा.

एका सकाळी लिसॉन दोन मित्रांबरोबर आखाड्याकडे निघालेला दिसला.

"काका, मारा हाक," मोस्खॉस म्हणाला. "कळू दे त्याच्या मित्रांनाही."

म्हातारा लगबगीने चिखलातून बाहेर आला आणि भट्टीच्या आडोशाला जाऊन उभा राहिला.

"नको रे," तो हळूच म्हणाला. "चारचौघांत त्याची मान खाली जाईल."

मुलगा वळणाआड जाईपर्यंत तो तिथेच थांबला. मग पुन्हा चिखलात उतरला.